चिनी कोथिंबीर आणि माठाखालची परात

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी संध्याकाळच्या गाडीसाठी पत्ताकोबी चिरत होते. परभणीत आमची चायनीजची गाडी आहे, नवरा कढई सांभाळतो आणि चिराचिरी माझ्याकडे. फोन केला कोणी, तर धाकट्या काकूंनी. म्हणजे बोरीतल्या माझ्या मालनआत्याच्या धाकट्या जावेनं. "आगं, जाऊबाई गेल्या गं... सकाळचा चहा बी घेतला न्हाई," असं म्हणून त्यांनी जो हंबरडा फोडला, तो शेजारच्या गाडीवाल्यालाही ऐकू गेला असेल. मी सुरी खाली ठेवली. खरं सांगते, आधी रडू आलं नाही, आधी राग आला. मनात म्हटलं, बघा, बातमी सांगायचा मानसुद्धा हिनंच पटकावला! रडू नंतर आलं, बोरीच्या एसटीत बसल्यावर, आणि मग काही केल्या थांबेना.

आत्याला मूलबाळ नव्हतं. तिचे यजमान, आमचे मामा, लवकर गेले, आणि बोरीत त्यांच्या वाट्याच्या दोन खोल्या, पुढचं अंगण आणि मागची न्हाणीजवळची जमिनीची पट्टी एवढाच तिचा संसार होता. पट्टीच्या पलीकडे काकूंचं घर. आत्या तोंडानं तिखट होती, पण भांडायची नाही. ती गोड बोलायची, आणि तिचं गोड बोलणं ज्याला कळायचं त्याला घाम फुटायचा. मला लहानपणी एकदा म्हणाली होती, "तू लय हुशार हायस बाई, तुला शाळेत कशाला पाठवायलेत तेच कळंना." मी आठवडाभर खूश होते. नंतर कळलं.

आमची गाडी सुरू झाली तेव्हा सूपात घालायची सेलरीची पानं मिळायची मारामार होती. हैदराबादहून कधीमधी यायची, तीही मान टाकलेली. नवऱ्याच्या ओळखीच्या एका माणसानं चिनी सेलरीचं बी आणून दिलं, बारीक देठाची, उग्र वासाची जात. बी बघितलं तर ओव्यापेक्षाही बारीक. मी परभणीत कुंडीत पेरलं, काहीच उगवलं नाही. उरलेलं आत्याला नेऊन दिलं. तिनं तळहातावर घेतलं, नाकाला लावलं आणि म्हणाली, "ह्ये जरा नखऱ्याचं दिसायलंय. ऱ्हाऊ दे माझ्यापशी." तिनं तिचे तिचे प्रयोग केले. कितीदा फसली, मला कधी सांगितलं नाही. दिवाळीनंतरच्या थंडीत एकदा गेले तर न्हाणीच्या पाण्यावर हिरवागार वाफा डोलत होता. तिनं त्याला नाव ठेवलं होतं चिनी कोथिंबीर. तेच नाव गल्लीत रुळलं.

त्या हिवाळ्यात आमच्या गाडीवरच्या सूपला काय वास यायचा! दर आठवड्याला बोरीहून जुडी यायची, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. आणि धाकट्या काकू? त्याही रोज सकाळी पट्टीत येऊन मूठभर पानं तोडून न्यायच्या, रश्श्यात टाकायला. "जाऊबाई, तुमच्या हाताला लय गुण हाय," म्हणायच्या. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

उन्हं तापायला लागली तसे वाफ्याला पांढरे तुरे आले. आत्या बी धरायच्या नादात होती. पहिले पिकलेले तुरे तिनं खुडून फडक्यात बांधून ठेवले, आणि बाकीचे पिकेपर्यंत मोतीबिंदू काढून घ्यावा म्हणून माझ्याकडे परभणीला आली. परत सोडायला मीच गेले होते. डोळ्यावर तो काळा चष्मा. न्हाणीकडं वळलो तर सगळा वाफा पिवळा पडून आडवा झालेला, आणि औषधाचा वास. काकू लगबगीनं आल्या. "आवो जाऊबाई, गाजरगवत किती माजलं होतं! पांढरी फुलं आलती समदी. खाज सुटती त्यानं. मग पोरानं तणनाशक मारलं, तुमाला कशाला तरास."

गाजरगवत! दोन महिने ज्या बाईनं स्वतःच्या हातानं पानं खुडून रश्श्यात घातली, तिला ते गाजरगवत वाटलं? मी तोंड उघडलं, तर आत्यानं माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. म्हणाली, "बरं केलंस. माझ्या डोळ्याला कुठं दिसत होतं." बस, एवढंच. पुढच्या महिन्यात त्या पट्टीवर सिमेंट पडलं आणि काकूंच्या पोराची चारचाकी तिथं उभी राहिली. "तसंबी मोकळीच पडली होती जागा," हे काकूंचं म्हणणं. ती उभी राहिली त्या रात्री मी बोरीतच होते, आत्यानं जेवण केलं नाही. मला म्हणाली, "जागेचं न्हाई गं. पण त्याला गवत म्हणली." आणि पदर डोळ्याला लावला, डॉक्टरनं डोळ्याला काही लावू नका सांगितलं असताना.

माझ्या अंगाची आग झाली होती. मी म्हटलं, पंचायतीत जा, चार माणसं बसव, नाहीतर मीच जाऊन तिच्या दारात उभी राहते. आत्या म्हणाली, "थांब जरा. बी हाय माझ्याजवळ."

ती कशासाठी थांब म्हणाली, ते मला पुढं कळलं. आत्यानं अंगणात फुटक्या बादल्यांमध्ये चिनी कोथिंबीर पुन्हा उभी केली. आणि इकडं काकूंच्या पोरानं देवगाव फाट्यावर चायनीजची गाडी टाकली. आता काकूंना सेलरी पाहिजे! आल्या हात पसरून. मला वाटलं, आत्या आता सुनावणार. तर आत्यानं ओंजळभर बी दिलं. आमच्याकडं बी मागायला आलेल्याला रित्या हातानं पाठवत नाहीत, मग तो वैरी का असेना. काकूंनी ते घरी नेलं आणि कोथिंबिरीला जे करतात ते सगळं केलं. फरशीवर पसरून चपलेनं रगडलं, दोन बोटं खोल पेरलं, वर माती दाबली, भर उन्हात पाणी घातलं. कशाचं काय! एक कोंब वर आला नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात परत आल्या. आत्यानं परत बी दिलं, दोन्ही हातांनी. "रोपच द्या की दोन-चार," काकू म्हणाल्या. "बी मागितलं तर न्हाई म्हणत न्हाई मी," आत्या म्हणाली, "रोप ज्याचं त्यानं करावं." असं दरवर्षी चाललं. काकू यायच्या, माठाच्या तिवईजवळ उकिडव्या बसायच्या, माठातलं पाणी प्यायच्या, बी न्यायच्या आणि मातीत गाडायच्या. आत्या माझ्याकडं बघून नुसता पदर सावरायची. मी एकदा म्हटलं, "आत्या, हे पाप नाही का गं?" ती म्हणाली, "मी काय खोटं बोलले व्हय? इचारलं का तिनं कदी, कसं लावायचं म्हणून? तिला समदं येतंच की."

आणि उत्तर होतं कुठं? काकूंच्या पायाशी! तिवईखाली, माठाचं पाणी ठिबकतं तिथं, एक चेपलेली परात असायची. कुणालाही वाटावं, ठिबक झेलायला ठेवली आहे. तिच्यात चाळलेली माती आणि मेंढीच्या लेंड्यांचं मुरलेलं खत, त्यावर आत्याच्या जुन्या लुगड्याचं विरविरीत फडकं. त्या फडक्याखाली बी नुसतं वरवर शिंपडलेलं. मातीनं झाकायचं नाही, रगडायचं नाही. या बियाला उजेड लागतो आणि गारवा लागतो. दारातला उजेड आणि माठाचा गारवा, तिवईखाली दोन्ही मिळतं. दोन-तीन आठवडे धीर धरायचा, माती सुकू द्यायची नाही, कोंब दिसले की फडकं काढायचं. एवढंच आहे. आत्यानं मला हे कधीच दाखवून ठेवलं होतं.

तेराव्याला काकू सगळ्यांत पुढं बसल्या होत्या. "लय जीव होता जाऊबाईचा माझ्यावर. ती चिनी कोथिंबीर आमी दोघींनी मिळून जगवली," असं आल्यागेल्याला सांगत होत्या. चारचौघांत खरं सांगून टाकावं असं वाटलं. पण मनगटावर आत्याची बोटं जाणवली... मी उठून पत्रावळी गोळा करायला लागले. पाहुणे पांगल्यावर काकू आत आल्या, तिवईजवळ बसल्या, तांब्या बुडवून पाणी प्यायल्या. "जाताना तुला काई सांगितलं का गं तिनं, त्या बियाचं?" मी म्हटलं, "नाही काकू, शेवटच्या फोनवर आमचं दुसरंच बोलणं झालं होतं." खोटं नव्हतं. "मग आता खोल्यांची किल्ली मी ठिवते," त्या म्हणाल्या, "तुला काय पाहिजे ते घिऊन जा." मी म्हटलं, "माठ, तिवई आणि ती परात." काकू हसल्या. "त्या चेपक्या परातीचं काय करतीस बाई!" आणि त्यांनीच ती उचलली, फडक्यासकट, आणि ऑटोत माझ्या मांडीवर आणून ठेवली. बोरीबाहेरच्या फाट्यापर्यंत मी फडकं उचललं नाही. मग उचललं. आत्यानं जायच्या आधी शिंपडलेलं बी उगवून आलं होतं, मुंगीएवढी दोन-दोन पानं, सगळ्या परातभर. मी ऑटोत बसून हसले आणि रडले, ऑटोवाला आरशातून बघत राहिला.

आता रोपं आमच्या गच्चीवर वीतभर झाली आहेत. जिल्ह्यात ज्याला बी पाहिजे त्यानं गाडीवर यावं, आत्यानं मला आधी दिलेलं बी आहे त्यातलं देईन, आणि लावायचं कसं ते आज सगळ्यांना सांगितलंच आहे. काकू, तुमच्याकडं पेपरची ही पुरवणी येते, आणि तुम्ही ती चष्मा लावून मोठ्यानं वाचता, हे मला माहीत आहे. पंचायत मी बसवली नाही, त्याऐवजी हे लिहिलंय, तेवढं वाचा. पोरालाही वाचून दाखवा. तुम्हीही या, तुम्हाला पहिली ओंजळ. माठ माझ्या स्वयंपाकघरात आहे, खाली परात आहे, परातीत नवं बी टाकलंय. पाणी देईन. बसा तिथंच, नेहमीच्या जागी.