सेहेचाळीस डिग्रीत गळ टाकायचा का?

गळ टाकणाऱ्या माणसाजवळ मासे कमी आणि किस्से जास्त जमतात. मासा संध्याकाळी रश्श्यात संपतो, किस्सा बिनाफ्रिजचा वर्षभर टिकतो! माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही सातवीच्या मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून थांबलं. पण लोकांची फिरकी घ्यायला सर्टिफिकेट कोण मागतं? म्हणून लिहितो.

महाल भागात माझं सायकलीचं दुकान. त्याच्यासमोर आमची बैठक. मी, जरीपटका वस्तीतला कापडवाला लालचंद आणि हिंगण्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले भगवानराव. लालचंदच्या गळाला मासा लागला तर मासा कमी घाबरतो, लालचंद जास्त! मी गळ टाकतो आणि दुसऱ्यांची मजा पाहतो. खरा गळ टाकावा तो भगवानरावांनीच. पाण्याकडे असं बघतात, की तळाच्या माशानं हजेरी द्यायला वर यावं.

दर मे महिन्यात शहराबाहेरच्या एका तलावावर स्पर्धा असते. ज्याचा मासा सगळ्यांत वजनदार, त्याला ढाल. वजन झालं की मासा परत पाण्यात. ही ढाल भगवानरावांना काही केल्या मिळत नव्हती.

*

मागच्या वर्षी मिळालीच होती म्हणा! त्यांचा रोहू सगळ्यांत भारी. फक्त वेळ संपेपर्यंत जागेवर बसायचं होतं, कारण जागा सोडली की नंबर गेला. आणि नेमकं भगवानरावांना ऊन लागलं. बसल्या जागी आडवे!

स्ट्रेचरवर घातलं तरी रॉड हातातच. अँब्युलन्सवाला म्हणाला, "काका, सोडा ना आता."

डोळे मिटलेले, ओठ सुकलेले, पण उत्तर तयार: "गाडी हळू घे गा! दोरी तुटून जाईन!"

अँब्युलन्स रस्त्याला लागली तरी रील फिरतच होती.

*

यंदा पारा सेहेचाळीसवर. जायचं की नाही, ह्यावर रोज मीटिंग. लालचंद मोबाईल नाचवत आला. "भाऊ, हे पाहा! सेहेचाळीस! आणि फील होऊन राहिलं उनचास!"

"मोबाईलले फील होते का गा?" भगवानराव म्हणाले. "मले होऊ दे, मंग सांगतो."

मी हळूच सोडून दिलं, "यंदा म्हणे प्रत्येक जागेपाशी कूलर लावून राहिले."

दुसऱ्या दिवशी लालचंद एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन हजर! घाम पुसत विचारतो, "पण भाऊ, पाण्यात करंट उतरला तं?"

"मंग गळाची गरजच काय?"

दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

*

शेवटी भगवानरावांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर आमच्या गल्लीतलाच, लहानपणी माझ्याच दुकानात हवा भरायला यायचा. त्यानं बीपी पाहिलं आणि गंभीर तोंड केलं. "काका, एकदा ऊन लागलेल्या माणसाला पुन्हा लवकर लागतं. भरपूर पाणी प्या, डोक्याला ओला दुपट्टा बांधा आणि मुकाट्यानं घरी बसा."

बाहेर आल्यावर भगवानराव खूश. म्हणाले, "तीनपैकी दोन तं मी ऐकतो. शाळेत तं पस्तीस टक्क्यांवर पास करत होते!"

*

आता इंदूवहिनी. भगवानरावांच्या मंडळी. स्पर्धेला जायची परवानगी ह्यांच्याकडून काढायची होती, आणि भर दुपारी आम्ही तिघं त्यासाठी गच्चीवर चढलो. वहिनी धोतरावर कुरडया घालत बसलेल्या. डोक्यावर पदर, हातात सोऱ्या, खाली फरशी अशी की चपलेतून चटका लागावा.

मी प्रस्ताव मांडला. लालचंदनं मोबाईल दाखवला. वहिनींनी मान वर न करता विचारलं, "किती म्हणते तुमचा मोबाईल?"

"सेहेचाळीस, वहिनी."

"मी तीन दिवसांपासून इथंच बसून राहिली. माह्यासाठी कोणी मीटिंग नाही घेतली!"

लालचंदनं मोबाईल खिशात घातला. मग वहिनी म्हणाल्या, "जायचं आहे ना? बसा इथं. माह्या कुरडया होईपर्यंत जो बसला, तो जाईन."

घरातले रॉड आणून, गच्चीच्या कठड्यावरून खाली गल्लीत दोऱ्या सोडून तीन म्हातारे बसले! खालून जाणारी पोरं ओरडायची, "काका, स्कूटी लागली का?" लालचंदला लगेच दुकानातून फोन आला. फोन वाजलेला मात्र कोणी ऐकला नाही. मी पाण्याची टाकी बघायला गेलो तो टाकीच्या सावलीतच राहिलो.

भगवानराव बसले. जिद्दीचा माणूस! पण थोड्या वेळानं चेहरा लालबुंद झाला. वहिनींनी सोऱ्या बाजूला ठेवला, बादलीतलं फडकं पिळून त्यांच्या डोक्यावर टाकलं आणि हातातला रॉड काढून घेतला.

"तुम्ही नाही जात."

"अन् माही जागा वं? रिकामी ठेवू?"

"घरचं कोणी बसलं तं चालते ना? मी बसते म्हणा. चाळीस वर्षं गळाचा चारा कोण मळून राहिलं?"

उरलेले दिवस भगवानरावांनी वहिनींना गच्चीवर बादलीत गळ टाकायला शिकवलं. मी बादलीत प्लास्टिकचा बेडूक सोडला होता. वहिनींनी तो पकडून माझ्याच डब्यात पाठवला, भाजीखाली!

*

स्पर्धेचा दिवस. भगवानराव बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीमागं, कडुलिंबाखाली, छत्री घेऊन. बाहेरून बोलायला बंदी, म्हणून तोंडात दुपट्ट्याचं टोक धरून बसलेले. दुपारी एकेक गडी उठत गेला. लालचंद सावलीत गेला. मी गेलो. तलावाच्या काठावर वहिनी तेवढ्या उरल्या, पदर डोक्यावर, मांडी घातलेली, जशा काही गच्चीवरच. मी इतकी वर्षं गळवाले पाहिले, असं बसणारं माणूस पाहिलं नाही.

आणि दोरी ताणली! वहिनींनी घाई केली नाही. कधी ढील, कधी ओढ. कतला वर आला तेव्हा सावलीतले गडी काठाकडे धावले. त्या दिवशी दुसऱ्या कोणाला बोटभर मासा लागला नव्हता. ढाल आमचीच!

पंच वजनकाटा घेऊन धावत आले. स्टीलचं पारडं सकाळपासून उन्हात तापलेलं. वहिनी म्हणाल्या, "आधी तुम्ही हात ठेवा त्याच्यावर."

पंचांनी ठेवला. "आई गं!"

"मंग पाणी आणा, थंड करा."

कोणीतरी पाणी आणायला पळालं. तेवढ्यात वहिनींनी माशाकडे पाहिलं. तो तोंड उघडून आ-आ करत होता. त्या काठावर वाकल्या आणि दोन्ही हातांनी त्याला पाण्यात सोडून दिलं.

"अहो वहिनी!" पंच ओरडले. "वजन नाही तं नंबर नाही! ढाल गेली ना!"

"जाऊ द्या. मागच्या वर्षी ह्यांचं तोंड असंच झालं होतं."

सगळ्यांच्या नजरा भगवानरावांकडे. इतक्या वर्षांची ढाल हातात येऊन पाण्यात गेली होती. ते उठले, दोरी ओलांडून आले, वहिनींच्या डोक्यावर छत्री धरली आणि तोंडातला दुपट्टा काढून विचारलं,

"केवढा होता वं?"

मासा आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. चांगला हातभर.

वहिनींनी दोन्ही हात समोर धरले. मग थोडे फाकवले. मग आणखी फाकवले. मग इतके फाकवले, की लालचंदला बाजूला सरकावं लागलं!