नाय की हाय

नव्या वॉकीटॉकीवर पहिल्याच दिवशी मी "नको आता चहा" असं सांगितलं आणि थोड्या वेळानं कँटीनचा माणूस किटली घेऊन धापा टाकत माझ्या गच्चीवर हजर. बटण दाबून श्वासभर थांबायचं, मग बोलायचं असतं. मी दाबता दाबताच बोललो. "नको" माझ्याकडेच राहिलं, "आता चहा" तेवढं गेटवर पोचलं. चहा मी निमूट प्यालो.

रोह्याच्या त्या केमिकल कंपनीत टाक्या एका टोकाला, गेट दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये एवढं लोखंड की टाक्यांवरचा आवाज थेट गेटला पोचत नसे. म्हणून मधल्या बॉयलर हाऊसच्या गच्चीवर मी. एकाचं ऐकायचं, जसंच्या तसं दुसऱ्याला सांगायचं. घरी आई आणि बायको यांच्यामध्ये हीच नोकरी असल्यामुळे वेगळं शिकावं लागलं नाही.

एका दुपारी टाकीचा व्हॉल्व्ह फुटला. पिवळट धूर जमिनीलगत पसरू लागला. गेटवरून सेफ्टीवाल्यानं विचारलं, "आत कोण हाय का?" हा अष्टमी गावातला माझा शेजारी, घराच्या भिंतीला भिंत लागून. मी त्याचा प्रश्न पुढे दिला. टाक्यांवरच्या ऑपरेटरचं उत्तर आलं, "आय." मी पुन्हा विचारलं. सेट गप्प. ऑपरेटर सेट टाकून कुंपणापलीकडे पळाला होता, हे मागाहून कळलं. मग ऐकलं होतं तेच मी गेटला दिलं: "आय."

गेटवर त्याचं "हाय" झालं. शेजारी मास्क बांधून आत शिरला आणि धुरात टाकीमागून टाकी शोधत राहिला.

आत कोणीच नव्हतं. ऑपरेटर "नाय" म्हणाला होता. माझ्या "नको"सारखाच त्याचा "न" बटणाखाली राहिला. शेजाऱ्याला उचलून बाहेर आणलं, पण दवाखान्यातून तो घरी आला नाही.

कंपनीत नियम निघाला, सेटवर हाय-नाय बंद. रिकामं किंवा भरलेलं म्हणायचं. नियम कशापायी निघाला ते अष्टमीत घरोघर ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात जेवताना बायकोनं भात वाढू का विचारलं. मी सवयीनं म्हटलं, "नाय." तिचा हात पातेल्यावरच थांबला.

"अहो, पोट भरलं म्हणा," ती हळूच म्हणाली. "तो शब्द भिंतीपलीकडं ऐकू जातो."