फाटकाआतली साथ

पुदिन्याची चटणी मी खात नाही. लोकांना वाटतं, पथ्य असेल. पथ्य कसलं, शिसारी आहे. चंदीगडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लोखंडी फाटक होतं आणि त्याच्या खांबाच्या बुडाशी पुदिना माजला होता. मे महिन्यात अख्ख्या सेक्टरातलं गवत करपून जायचं, हा मात्र हिरवागार. आमच्या गल्लीच्या असोसिएशनचे प्रधान, म्हणजे अध्यक्ष, तो स्वतःच्या हातानं खुडायचे आणि मीटिंगला पकोड्यांबरोबर त्याची चटणी सगळ्यांना वाढायचे. 'अपनी गली का पुदीना है जी,' असं वर कौतुकानं सांगायचे. मीही ती चटणी बोटं चाटून खाल्लेली आहे.

पंजाबातली ती वाईट वर्षं होती. सकाळी रेडिओ लावायचा तो आज कुठे बस अडवली, किती माणसं गेली हे ऐकायला. यांची नोकरी तीस सेक्टरातल्या सरकारी प्रयोगशाळेत. बदलीवर आलेलो, म्हणून भाड्याचं घर, तळमजल्यावर. गल्लीत मराठी घर आमचं एकटंच. मी कोल्हापूरकडची, तोंडानं फटकळ. माझं हिंदी रेडिओवर शिकलेलं आणि उरलेलं मराठीतून उसनं आणलेलं. मुलगी मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर द्यायची आणि माझं हिंदी ऐकून कपाळाला हात लावायची.

फाटक प्रधानांच्या डोक्यातून निघालं. अतिरेकी गल्लीत शिरू नयेत म्हणून. प्रधान निवृत्त साहेब होते. कुठल्या खात्यातून निवृत्त झाले ते त्यांनी कधी नीट सांगितलं नाही, पण चहाचा कप हातात धरला तरी सही करत असल्यासारखा चेहरा. रीतसर परवानगी मागितली तर मिळणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून सलग सुट्ट्या बघून खड्डे खणले, खांब पुरले, वर गुळगुळीत सिमेंट केलं. नारळ फुटला, लाडू वाटले. गल्लीचं दुसरं तोंड पार्कात उघडायचं. तिथे फाटक नव्हतं की भिंत नव्हती. गाई-गुरं तिकडूनच निवांत आत यायची. मी यांना म्हटलं, "अतिरेक्यांना पार्क माहीत नाही का हो?" हे म्हणाले, "तू गप्प बस." आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

फाटकानंतर थोड्याच दिवसांत सकाळच्या पाण्याला वास यायला लागला. पाणी सकाळ-संध्याकाळ सोडायचे. नळ उघडला की पहिल्या बादलीला गटाराचा वास, मग हळूहळू कमी. गल्लीतल्या बायका पहिली बादली ओतून द्यायच्या आणि दुसरीत डाळ शिजवायच्या. मग एकेका घरात कावीळ निघाली. माझ्या मुलीचे डोळे हळदीसारखे झाले तेव्हा मी हबकले. इस्पितळातल्या एक मराठी डॉक्टरीणबाई आमच्या ओळखीच्या होत्या, त्या बघून गेल्या. म्हणाल्या, "पोरगी बरी होईल, घाबरू नकोस. पाणी उकळून प्या. आणि गल्लीत कुणी पोटुशी बाई असेल तर तिला फार जप. ही कावीळ तसल्या बाईला सोडत नाही."

पोटुशी बाई आमच्या डोक्यावरच राहत होती.

वरच्या मजल्यावर एक शीख कुटुंब भाड्यानं आलं होतं, सरहद्दीकडच्या एका गावातून. म्हातारी, तिचा मुलगा आणि सून. म्हातारीला सगळे बीजी म्हणत. गावात संध्याकाळी बंदुकवाले येऊन भाकरी मागायचे आणि सकाळी पोलीस येऊन भाकरी का दिली म्हणून विचारायचे. सुनेला दिवस राहिले तशी बीजी म्हणाली, या गावात बाळंतपण करायचं नाही. शेत वाट्यानं दिलं, म्हशी विकल्या आणि पोर जीव घेऊन जगात यावं म्हणून ही माणसं चंदीगडला आली. सून अगदी कोवळी, हसली की ओढणी तोंडावर घ्यायची.

मुलगी जरा सावरल्यावर मी असोसिएशनच्या मीटिंगला गेले. फाटकाची किल्ली कुणाकडे राहावी यावर चर्चा चालली होती. मी उभी राहिले आणि माझ्या हिंदीत म्हणाले, "प्रधानजी, गली में साथ आई है. ऊपर वालों की बहू को दिन हैं. ध्यान रखना चाहिए."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"कौन आई है साथ?" प्रधानांनी विचारलं. "ऊपर वालों के साथ?"

"नहीं जी, साथ! पीलिया की साथ! बीमारी की!"

"अच्छा अच्छा," प्रधान मान डोलवत म्हणाले. "बीमारी ऊपर वालों के साथ आई है."

आपल्या मराठीत साथ सोबतीलाही म्हणतात आणि रोगराईलाही. हिंदीत नुसती सोबत, हे मला त्या क्षणी कुणी सांगावं? मी हातवारे केले, पानी पानी म्हणून ओरडले. प्रधानांना माझं म्हणणं कळलं नाही असं मला तेव्हा वाटलं. आज वाटत नाही. पाण्याचं ऐकलं असतं तर नळ बघावा लागला असता, नळ बघायचा तर फाटकापाशी खणावं लागलं असतं. त्यापेक्षा बाहेरगावची, पगडीवाली, भाडेकरू माणसं बरी. रात्र पडायच्या आत गल्लीभर झालं की कावीळ वरच्यांनी आणली. दुसऱ्या दिवशी त्यांचा कोपऱ्यावरचा दूधवाला वरती चढेना. घरमालकाला सांगून झालं की यांना खाली करायला लावा. वड्याचं तेल वांग्यावर!

घरी मुलीनं मला समजावलं, "आई, साथ मतलब together. आप भी ना!"

मी तडक वर गेले आणि बीजीला सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हातारी दाराबाहेर काढेल. ती ऐकत राहिली, मग पोट धरून हसायला लागली. "तुहाडे पासे बिमारी नूं साथ कैंदे ने?" तिनं पुन्हा पुन्हा विचारलं. "जेहड़ी सारियां नूं लग्गे, ओह साथ?" म्हटलं, हो, सगळ्यांना लागते तीच. तो शब्द तिला इतका आवडला की त्या दिवसापासून मी जिना चढले की ती विचारायची, "साथ गई, पुत्तर?" आणि मी म्हणायची, "नहीं बीजी, अभी है." माझ्याकडे मोठी पातेली होती. मी पाणी उकळायची, गार करायची, आणि आम्ही दोघी ते वर न्यायचो. सून प्यायची ते फक्त उकळलेलं. भांडी धुवायलासुद्धा बीजी तेच वापरायला लागली.

मी पाणीखात्यात तक्रार केली. दोन माणसं आली. वास घेतला, गल्लीभर फिरली आणि नेमकी फाटकाशी जाऊन पुदिन्यापाशी थांबली. एकानं टाच रुतवून बघितली, तर ओल वर आली. "खंभा पाइप पे बैठा है," तो म्हणाला. खांब रोवताना पाण्याचा नळ फुटला होता, शेजारून मैल्याचं गटार जात होतं, आणि पाणी बंद असलं की नळ ती घाण आत ओढून घेत होता. मी खिडकीतून ऐकत होते. म्हटलं, चला, आता खणतील. तेवढ्यात प्रधान आले. दोघांना घरात नेलं, पकोडे खाऊ घातले. त्याच चटणीबरोबर. माणसं बाहेर आली ती तोंड पुसत आणि गेली ती गेलीच. प्रधान मला म्हणाले, "बहनजी, फाटक हिला तो गली की सुरक्षा का क्या होगा? हालात देखिए."

आणि त्याच आठवड्यात त्यांनी आपली सून आणि नातवंडं चंदीगडला लागूनच असलेल्या पंचकुल्याला धाडून दिली, तिच्या माहेरी. हवापालट म्हणे. पंचकुला काय महाबळेश्वर आहे? अज्ञानाला मी माफ करते, माझं स्वतःचं काही कमी नाही. पण या माणसाला ठाऊक होतं. स्वतःच्या घरची पोरं बाहेर काढण्याइतकं पक्कं ठाऊक होतं.

जूनमध्ये छबिलीचा दिवस आला. गुरूंच्या शहादतीच्या दिवशी रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना गार, गोड, गुलाबी सरबत पाजतात, ती छबील. तहानलेल्या माणसाला उन्हात थांबवून हातात ग्लास देणं, याच्याइतकी सुंदर रीत मी दुसरी पाहिली नाही. आमच्या जवळच्या गुरुद्वाऱ्यात त्या वर्षी तिथल्या पाठ करणाऱ्या भाईजींनी आदल्या दिवशीच कढया चढवून सगळं पाणी उकळून घेतलं होतं. गल्ल्यागल्ल्यांत कावीळ आहे हे त्यांच्या कानावर होतं. पण प्रधानांना स्वतःची छबील हवी होती. एकता छबील. फाटकापाशी मांडव, एक मोठे साहेब पाहुणे, फोटोवाला. पाण्याला? मांडवाशेजारच्याच नळाला रबरी नळी लावून पिंप भरलेलं. वर बर्फ.

आणि एकतेसाठी शीख हवे होते. गल्लीत शीख घर कुठलं? तर वरचं. महिनाभर ज्यांच्या नावानं नाकं मुरडली, त्यांना प्रधान स्वतः जिना चढून बोलवायला गेले. बीजी आली, सून आली, मुलगा आला. दुपारचं ऊन, पोटात सातवा महिना, पोरगी घामानं डबडबलेली. प्रधानांनी ग्लास भरला आणि फोटोवाल्याकडे तोंड करून तिच्यापुढे धरला.

मी मोठ्यानं म्हणाले, "बेटा, मत पी. यह पानी अच्छा नहीं."

प्रधान हसले. "बहनजी, गुरु के नाम का है."

झालं. त्या वर्षांत, त्या शहरात, एका मराठी हिंदू बाईनं एका शीख सुनेला भर मांडवात छबील पिऊ नको म्हणावं, याचा अर्थ काय काय लागू शकत होता ते पाहुण्या साहेबांच्या कपाळावर मला वाचता येत होतं. यांनी माझं कोपर धरलं. बीजीनं माझ्याकडे पाहिलं, ग्लासाकडे पाहिलं. गुरूच्या नावाचं पाणी नको म्हणणं तिच्या हातून होणं शक्य नव्हतं, आणि ते त्या माणसाला बरोबर ठाऊक होतं. सुनेनं ग्लास कपाळाला लावला आणि प्यायली. तहानलेली होती, दुसराही मागून घेतला. फोटो छान आला असणार. प्रधानांनी स्वतः घेतला नाही, म्हणे साखर वाढते.

जुलैच्या शेवटी तिचे डोळे पिवळे झाले. त्या ग्लासांनी झालं की आधी कधी पोटात गेलेल्या पाण्यानं, हे कुणाला सांगता येणार नाही, डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं नाही. फार भराभर झालं. आधी ओकाऱ्या, मग बडबड, मग माणसं ओळखेना. इस्पितळात नेताना फाटक बंद होतं. किल्ली प्रधानांकडे आणि प्रधान पंचकुल्याला नातवंडांना भेटायला. तिच्या नवऱ्यानं तिला उचलून, गाई येत त्या पार्काच्या बाजूनं, रस्त्यावर नेलं. ती गेली. पोटातलंही गेलं.

मग मात्र खणलं. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्यावर मोठी माणसं आली, खांब काढला, खाली फुटका नळ सगळ्यांनी पाहिला. पुदिना मुळासकट कचऱ्यात गेला. प्रधानांनी तिथे उभं राहून मजुरांना चहा दिला. काम करवून घेतल्याबद्दल असोसिएशनचे आभार मानणारी सूचना फाटकाच्या उरलेल्या खांबावर लागली, तीही त्यांच्याच सहीची.

भोगाला, म्हणजे त्यांच्याकडच्या दिवसकार्याला, आम्ही गुरुद्वाऱ्यात गेलो. पाठ संपला, अरदास म्हणजे सगळ्यांची प्रार्थना झाली. मग रीतीप्रमाणे लोक उठून दोन शब्द बोलायला लागले. मी बायकांत, बीजीच्या शेजारी बसले होते. मी आता जिना चढले तरी ती 'साथ गई, पुत्तर?' विचारत नव्हती.

डोक्याला रुमाल बांधून प्रधान उभे राहिले. बेटी आमचीच होती म्हणाले, गल्ली एक परिवार आहे म्हणाले. आवाज कापरा केला. उठून जावं म्हणून मी हात टेकला. तेव्हा ते बीजीकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, "माताजी, आप अपने को अकेला मत समझिए. हम सब आपके साथ हैं."

बीजीनं मान वर केली. आधी माझ्याकडे पाहिलं, सावकाश, मी ऐकलं ना याची खात्री करून घेतल्यासारखं. मग त्यांच्याकडे. आणि स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हांजी. साथ तां तुसीं ही ओ." साथ तर तुम्हीच आहात.

बायकांनी डोळ्यांना ओढण्या लावल्या. पुरुषांत कुणीतरी वाहेगुरू म्हटलं. प्रधानांना भरून आलं होतं. ते कमरेत वाकले आणि म्हणाले, "यह तो हमारा फ़र्ज़ है, माताजी."