जर्मन कथेतला लंगडा

दर शनिवारी मी इथे आखातात, ऊद मेथा भागात जर्मनच्या क्लासला जातो. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून माझ्या डाव्या पायाला कॅलिपर आहे. क्लासमध्ये आम्ही जर्मन कथा वाचतो. त्यात एखादा लंगडा आला की मी ओळखतो, हा एक तर कपटी निघणार, नाहीतर शेवटच्या पानावर मरणार. गेल्या महिन्यात असा तिसरा मेला, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"लंगड्याला जिवंत ठेवायला यांचं काय जातं?" मी भर वर्गात विचारलं.

बाई हसल्या. "मग शेवट तुम्हीच लिहा."

घरी डिक्शनरी घेऊन बसलो आणि लिहिला. माझ्या शेवटात तो माणूस मासळीबाजारात जातो, कल्ले उघडून सुरमई पारखतो, मासेवाल्याशी यथेच्छ भांडतो आणि घरी येऊन कालवण करतो. खलास, कथा संपली.

दुपारी जेवताना लेकीला तो शेवट मराठीत सांगितला. ती म्हणाली, "बट बाबा, नथिंग हॅपन्स!"

"तेच तर," मी म्हणालो, आणि तिच्या ताटात सुरमईची आणखी एक तुकडी वाढली.