माझंच सॉफ्टवेअर मी मंजूर केलं

हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीत सगळ्यात आधी हात वर केला तो मीच. ठराव होता सॉफ्टवेअर विकत घेण्याचा. मंडळाच्या जुन्या स्मरणिकांच्या फाइल्स अशा फॉन्टमध्ये आहेत की आजच्या कॉम्प्युटरवर उघडल्या की अक्षरांचा नुसता चिवडा होतो. हे सॉफ्टवेअर त्या चिवड्याचं पुन्हा मराठी करतं. शंकर नगरहून आलेल्या विक्रेत्यानं ते जांभळ्या पडद्यावर मोठ्या झोकात दाखवलं. असंच एक मीही पूर्वी लिहून इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं, पण त्याला असला जांभळा थाट कुठला! शेजारी बसलेल्या सचिवांना मी म्हणालोसुद्धा, "असं आपल्याले नाही जमत बुवा."

जाणकार दिसावं म्हणून एक खोट तेवढी काढली. 'मार्च'मधला रफार भलत्याच अक्षरावर बसत होता. विक्रेता हसून म्हणाला, "नोट कर लिया सर. हमारी टेक्निकल टीम आज ही ठीक कर देगी." ठराव मंजूर झाला, टाळ्या पडल्या.

मग त्यानं एक मोठी फाइल टाकली आणि पडद्यावर ओळ आली : थांबा, करून राहिलो.

ही ओळ माझी! बायको जेवायला हाक मारते तेव्हा कॉम्प्युटरपुढून मी हेच ओरडतो, आणि प्रोग्रॅम लिहिताना तेच त्यात टाकून दिलं होतं. या गृहस्थानं रंग बदलला, प्रोग्रॅमचं नाव बदललं, माझं नाव पुसलं. ही ओळ मात्र राहून गेली, मराठी येत असतं तर तीही गेली असती.

"भैया, ये तो मेरा बनाया हुआ है," मी म्हणालो.

"ओपन सोर्स है ना सर. कोई भी बेच सकता है."

चीड आली ती तो खरं बोलत होता म्हणून. मीच तसं लिहून ठेवलंय : वापरा, बदला, हवं तर विका, फक्त लिहिणाऱ्याचं नाव राहू द्या.

"और नाम?"

"डिजाइन में जगह नहीं बनी सर."

त्याच्या दुकानाचं नाव तिथे परातीएवढं झळकत होतं.

मी सचिवांकडे वळलो. "पैसे द्यायचेच होते तर मले काहून नाही विचारलं?"

"अरे, तू घरचा माणूस. तुले पैसे द्यायचे म्हणजे कसंतरीच वाटते."

आमच्याकडे रीतच आहे ही. मांडववाल्याला पैसे, केटररला पैसे. घरच्या माणसानं निवेदन करायचं, बिघडलेला माइक सुधारायचा आणि जाताना नारळ न्यायचा. बाहेरच्याचं काम ते काम, घरच्याचं काम म्हणजे हौस! ही हौस भागवताना माझे डोळे गेले, कंबर गेली. आणि मी शहाणा असा की तेवढ्यानं भागलं नाही म्हणून इंटरनेटवर जाऊन साऱ्या जगाचा घरचा माणूस होऊन बसलो.

पुरानी बस्तीतल्या घरी येईपर्यंत स्कूटरवर जे भाषण तयार झालं, ते सगळं बायकोला ऐकवलं. ती पानं घेत होती. तेवढ्यात मेल आला. प्रोग्रॅम अडला की लोक मला असे मेल पाठवतात. गरजू टायपिस्ट असतील बिचारे, असं समजून मी सणावारीही फुकटात उत्तरं देत आलोय.

'सर, अर्जंट है. मार्च का रफार गलत बैठ रहा है. क्लायंट बहुत बड़े हैं, आज ही ठीक कर दीजिए.'

खाली विक्रेत्याच्या दुकानाचं नाव. पाठवणाऱ्या तिथल्या पोराला बैठकीतलं काही ठाऊक नसावं. आजवर मेलच्या तळाशी कोणाचं नाव असतं ते मी कधी वाचलंच नव्हतं. जुने मेल काढून पाहिले, तर निम्म्याहून जास्त त्या दुकानाचेच. म्हणजे ती टेक्निकल टीम मी, आणि आजचा बडा क्लायंटही मीच!

आणि सांगायला लाज वाटते, पण एवढं कळल्यावरही सवयीनं माझा हात रफार सुधारायलाच गेला. बायकोनं लॅपटॉपचं झाकण धरलं.

"पहिले उत्तर लिहा त्याले."

लिहिलं. प्रोग्रॅम सगळ्यांसाठी आहे तसाच खुला राहील. पण दुरुस्ती हे माझं काम आहे, आणि यापुढे कामाचे पैसे पडतील. माझं नाव पुन्हा लावल्याशिवाय रफार हलणार नाही. चांगलं खणखणीत लिहिलंय असं वाटून मी तिच्यापुढे धरलं.

तिनं वरपासून खालपर्यंत वाचलं.

"अहो, यात 'कृपया' जागोजागी आहे अन् आकडा कुठंच नाही. आकडा टाका. तोवर भात वाढत नाही मी."