आत्याला भिंतीवर टांगलं

मिरीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच होतं. जन्मली तेव्हा जेमतेम मूठभर, पण रडायला लागली की वरच्या-खालच्या मजल्यांवरची माणसं दारं उघडून बघायची. "मिरी आहे नुसती, मिरी," आत्या म्हणाली, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. सोळाव्या वर्षीही ती वर्गात सगळ्यांत बुटकी होती आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. कुणी रांगेत मध्येच घुसलं, कुणी मुलींना काय कळतंय म्हणालं, की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि कुणी 'शांत हो' म्हणालं तर मग बघायलाच नको.

घरात चार माणसं. वडील लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचे. आई दातांच्या डॉक्टरकडे फोन घ्यायची, पेशंटना वेळा द्यायची. आणि आत्या, वडिलांची धाकटी बहीण, हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत होती. तिथे तापलेल्या रुळांचं एक लांबलचक यंत्र होतं. दोन बायकांनी ओल्या चादरीची दोन टोकं धरून ती आत सरकवायची, पलीकडून ती कोरडी, कडक होऊन निघायची. वर्षानुवर्षं ते करून आत्याच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली होती की फोन तिचा अंगठा ओळखायचा नाही. "माझा ठसाच पुसला गेला. आता चोरी करायला हरकत नाही," असं म्हणून ती हसायची.

ती पुष्कळ गोष्टींवर हसायची. घरी कुणी पाहुणा आला आणि शिक्षणाचा विषय निघाला की वडील ठरलेलं वाक्य टाकायचे, "आमच्या हिला अभ्यासाची गोडीच नव्हती. पुस्तक उघडलं की पेंगायला लागायची." पाहुणा हसायचा, वडील हसायचे, आत्याही हसायची आणि चहाचे कप उचलायची.

वरच्या वर्गात गेल्यावर मिरीने मानव्य हा विषय घेतला. त्यात इतिहास, समाज, भाषा सगळं एकत्र होतं. "जुन्या गोष्टी उगाळून काय मिळणार आहे?" वडील म्हणाले. पण मिरीने ऐकलं असतं तर ती मिरी कसली!

मानव्याच्या बाई उंच, घोगऱ्या आवाजाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर दोन प्रश्न लिहिले. हे कोण सांगतंय? आणि कोण गप्प बसलंय? कुठलंही पुस्तक, भाषण, बातमी समोर आली की आधी हे दोन प्रश्न विचारायचे, असं त्यांनी बजावलं. लहान मुलाच्या हाती नवी कात्री आली की ते पडद्यापासून वर्तमानपत्रापर्यंत सगळं कापत सुटतं. मिरीचं तसंच झालं. बातम्या बघताना, जेवताना, जिन्यात शेजारीण भेटली तरी हिचं आपलं सुरू, "पण हे कोण सांगतंय?" आई म्हणाली, "मी सांगतेय. ताट उचल."

मग दुसऱ्या सत्रात बाईंनी काम दिलं. घरातल्या एका मोठ्या माणसाशी बोला आणि त्याच्या आयुष्यातला एक असा दिवस लिहा, ज्यानंतर सगळं बदललं.

मिरीने आत्याला धरलं. सुट्टीच्या दुपारी आत्या खिडकीत बसून मनगटांना मलम चोळत होती. मिरीने फोन रेकॉर्डिंगला लावून मध्ये ठेवला. आत्याने आधी लाँड्रीतल्या गमती सांगितल्या. उशीच्या अभ्र्यात कुणाची कवळी सापडली, मुकादमाने ती कशी चिमट्याने उचलली, वगैरे. मिरी हसली. मग अचानक तिने विचारलं, "आत्या, तुला खरंच अभ्यास आवडायचा नाही?"

आत्याचा हात थांबला. तिने फोनकडे पाहिलं. "ते बंद कर आधी."

मिरीने बंद केला.

"वर्गात पहिली यायचे मी," आत्या म्हणाली. "भाषेत तर बाई माझा निबंध दुसऱ्या वर्गात नेऊन वाचायच्या. मला बाईच व्हायचं होतं. मग तुझे आजोबा गेले. एकाने शिकायचं आणि एकाने कामाला लागायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे दादाने ठरवलं. एके दिवशी मी वर्गात बसलेय, आणि बाईंनी मला व्हरांड्यात बोलावलं. बघते तर दादा उभा. बाई म्हणाल्या, तुझा भाऊ सांगतोय की तुला शिकण्यात गोडी नाही, तूच घरी म्हणालीस की शाळा सोडते. खरं का गं?"

"मग?"

"मग काय. दादा माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, हो." आत्या हसली, पण हे हसणं पाहुण्यांसमोरचं नव्हतं. "बाई रागावल्या माझ्यावर. म्हणाल्या, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

मलमाची डबी बंद करून ती उठली आणि कपडे वाळत घालायला गेली.

मिरी त्या दुपारी जी पेटली ती विझेचना. जेवताना वडिलांनी मीठ मागितलं तरी तिला वाटायचं, हा माणूस व्हरांड्यात उभा होता. कात्री आता खऱ्या कापडाला लागली होती. तिने एका बैठकीत सगळं लिहून काढलं. व्हरांडा, भाऊ, 'हो', आणि नंतर पाहुण्यांसमोर वर्षानुवर्षं सांगितलेलं ते खोटं. नावं घातली नाहीत. एवढं केलं की झालं, असं तिला वाटलं.

बाईंनी निबंध वाचला आणि त्यांचा घोगरा आवाज आणखी घोगरा झाला. "वर्गातलं सगळ्यांत चांगलं लिखाण. पालकसभेच्या दिवशी व्हरांड्यात लावू या?" मिरी फुगली. "लावा," म्हणाली. वडील येणार होते. वाचू देत त्यांना.

वडील आले, कामाचा निळा शर्ट बदलून, केस नीट विंचरून. भिंतीवर मुलांचे निबंध ओळीने लावलेले होते. मुलीचं नाव दिसलं म्हणून ते कौतुकाने पुढे झाले. शेजारी आणखी दोन पालक तोच निबंध वाचत होते. त्यातली एक बाई म्हणाली, "काय एकेक भाऊ असतात!" वडिलांनी शेवटपर्यंत वाचलं. मग बाईंना न भेटताच ते घरी निघाले. मिरी मागोमाग.

दार लागलं आणि मग सुरू झालं.

"हे काय लिहून ठेवलंयस?"

"खोटं आहे का?"

"मला विचारलंस?"

"तुम्ही तिला विचारलं होतंत?"

"उचलली जीभ लावली टाळ्याला!" वडिलांनी टेबलावर हात आपटला. "घरात कमावणारं माणूस गेलं होतं. कुणीतरी कामाला लागायलाच हवं होतं. तुला काय कळतंय त्यातलं?"

"मग तुम्ही का नाही लागलात? ती पहिली यायची. तुम्ही कितवे यायचात?"

आई मध्ये पडणार तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. आत्या कामावरून आली होती. मिरीला वाटलं, आता खरा न्याय होईल. आता आत्या माझ्या बाजूला उभी राहील आणि दोघी मिळून या माणसाला जाब विचारू.

आत्याने तिघांची तोंडं पाहिली. "काय झालं?"

मिरीने सांगितलं, घडाघडा, थोडं अभिमानानेच. आत्याने पिशवी खाली ठेवली नाही.

"कुठे लावलंय?"

"शाळेत. व्हरांड्यात."

"वाचलं कुणी?"

"सगळ्यांनी! बाई म्हणाल्या, सगळ्यांत चांगलं..."

"फोन बंद करायला का सांगितलं होतं तुला?"

मिरी गडबडली. "मी नाव नाही लिहिलं तुझं."

"नाव? अगं, किती आत्या आहेत तुला?" आत्याचा आवाज इतका चढलेला त्या घराने कधी ऐकला नव्हता. "माझी गोष्ट मी तुला दिली होती, एकटीला. तू ती चव्हाट्यावर मांडून शाबासकी घेतलीस. एकदा मला शाळेच्या व्हरांड्यात उभं केलं आणि माझ्याबद्दल दुसराच बोलला. आज पुन्हा तेच. तेव्हा निदान मला समोर बोलावलं होतं. तू तर मेलेल्या माणसासारखं भिंतीवर टांगलंस मला, जिवंतपणी!"

"पण मी तुझ्या बाजूने लिहिलं!"

"माझ्या बाजूने मला उभं राहता येतं. इतकी वर्षं राहिले नाही, तो माझा प्रश्न आहे. तुझा नाही आणि तुझ्या बाईंचा तर नाहीच नाही."

ती आत गेली. मिरीला रडू आलं, पण त्यात पश्चात्ताप कमी आणि संताप जास्त होता. खोटं बोलले बाबा, आणि बोलणी मला? रात्रभर ती हेच घोळवत राहिली. आत्याचं म्हणणं तिला पटलं नव्हतं. फक्त 'शाबासकी घेतलीस' हे शब्द काही केल्या जात नव्हते, कारण शाबासकी तर तिने घेतली होती.

सकाळी शाळा भरायच्या आधीच तिने भिंतीवरून निबंध ओढला. टाचण्या उडाल्या, एक कोपरा भिंतीलाच राहिला. बाई कुठूनशा आल्या.

"काय करतेस हे?"

"माझा आहे. काढतेय."

"काल तर लावा म्हणालीस."

"तुम्ही मला विचारलंत. तिला विचारलं का, हे विचारलं नाहीत." मिरी म्हणाली. "कोण गप्प बसलंय, हे तुम्हीच शिकवता ना? मग भिंतीवर लावताना का नाही आठवलं?"

बाईंचा चेहरा लाल झाला. "मला वाटलं, तू विचारलं असशील. आणि हे बघ, तूही मला काही बोलली नाहीस. सगळं माझ्या माथी मारू नकोस."

"नाही मारत. अर्धं मारतेय."

बाईंनी भिंतीला राहिलेला तो कोपरा नखाने खरवडून काढला, मिरीच्या हातात दिला आणि वर्गावर गेल्या.

घरात मात्र आता झाकण उघडलं होतं. आत्या भावाशी कामापुरतं बोलायची, 'दूध संपलंय', 'गॅसवाला आला होता', एवढंच. पुढच्या सुट्टीच्या दिवशी जेवण झाल्यावर ती म्हणाली, "दादा, बस. बोलायचंय." मिरी खुर्ची ओढून बसली. आत्याने तिच्याकडे नुसतं पाहिलं. आईने मिरीचं मनगट धरलं आणि तिला जिन्यात नेलं. दाराआडून आवाज येत होते, आधी आत्याचा, मग वडिलांचा, मग पुन्हा आत्याचा, फार वेळ. कान दाराला लावला असता तर शब्द न् शब्द कळला असता. मिरी चिडलेली होतीच. मीच तर हे सुरू केलं, आणि मलाच बाहेर! पण ती एक मजला खाली उतरली, आणि तिथेही ऐकू येतंय म्हटल्यावर आणखी एक. आई पायरीवर बसून तिच्याकडे बघत राहिली.

त्या दुपारी काय बोलणं झालं, ते मिरीला कधीच कळलं नाही. आत्या लाँड्रीतच राहिली. या वयात शाळेत जाऊन बसण्याची तिला हौस नव्हती, आणि कुणी तसं सुचवलं असतं तर तिने त्याला रुळांखालून काढलं असतं. पण काही आठवड्यांनी वडिलांचा एक जुना सोबती घरी आला. मुलांच्या अभ्यासाचं बोलणं निघालं आणि तो हसत म्हणाला, "तुमच्या बहिणीला तर पुस्तकाचं वावडंच, नाही का?"

वडील कपाकडे बघत म्हणाले, "नाही. हुशार होती. मी काढलं तिला शाळेतून. आणि तिच्यावरच ढकललं."

सोबत्याला कुठे बघावं कळेना. आत्या म्हणाली, "उशीर केलास." मग पाहुण्याला विचारलं, "साखर हवी आहे का अजून?" त्या दिवशी कप मात्र तिने उचलले नाहीत. वडिलांनीच उचलले.

मिरीला आनंद व्हायला हवा होता. तिला राग आला. एवढंसं वाक्य, आणि त्याला इतकी वर्षं लागली!

वर्ष संपता संपता बाईंनी शेवटचा निबंध सांगितला, 'या वर्षात माझी झालेली वाढ'. वर्गात सगळ्यांचे पेन भराभरा चालू झाले. शेजारच्या मुलीने 'मी दुसऱ्यांचं ऐकायला शिकले' असं लिहून खाली रेघही मारली. मिरीच्या डोक्यात तिडीक गेली. वाढ म्हणजे काय, आपण कुंडीतली रोपं आहोत? पाणी घातलं, पट्टी लावली, इतके इंच? आणि 'शिकले' म्हणताना कुणाच्या जिवावर शिकले, ते कोण लिहिणार? आत्याचा चढलेला आवाज आठवला की अजूनही कान तापत. अजूनही वाटे, मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. आणि लगेच वाटे, खरं होतं म्हणून ते माझं होत नव्हतं.

शेवटी तिने एक पानभर लिहिलं. "वर्षाच्या सुरुवातीला मला राग यायचा. आता जास्त येतो. मी काही शांत झालेली नाही आणि होणारही नाही. पूर्वी मला वाटायचं, अन्याय दिसला की तो ओरडून सांगायचा, मग तो कुणावरही झालेला असो. आता ओरडायच्या आधी मी त्या माणसाला विचारणार आहे. तो नको म्हणाला तर मला गप्प बसावं लागेल आणि ते मला मुळीच आवडणार नाही. मी एका माणसाला विचारलं नाही. त्याबद्दल मला स्वतःचा जितका राग आला तितका अजून कुणाचाच आलेला नाही. ही वाढ आहे की नाही मला माहीत नाही."

बाईंनी ते तिच्यासमोरच वाचलं. "चांगलं आहे. पण काय घडलं ते कुठेच नाही. उदाहरण लागतं गं. मला माहीत आहे, पण तपासणारे दुसरे असतात."

"उदाहरण आहे. देणार नाही."

"मार्क कापतील."

"कापू देत."

मार्क खरंच कापले गेले, चांगले घसघशीत. 'कापू देत' म्हणाली होती तीच, तरी निकालाच्या दिवशी मिरी दप्तर आपटत घरी आली आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलली नाही. आत्याने दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. मिरीने सांगितलं नाही.