टेबलावर आम्ही, कोटात ते

"चप्पल उतारो," डॉक्टरसाहेब म्हणाले. मी उतरवली.

गोंदियात त्यांचा मोठा खासगी दवाखाना. त्याच्या हॉलमध्ये दर रविवारी फुकट मार्गदर्शन वर्ग भरायचा. अकरावी-बारावीच्या मुलांना डॉक्टर करणारा. मी दवनीवाड्याकडून एसटीनं यायची. घरी दुसऱ्याची धानाची जमीन ठेक्यानं केलेली, आणि माझ्या डोक्यात एकच खूळ, डॉक्टर व्हायचं. फुकट शिकवणारा माणूस तेव्हा मला देव वाटायचा.

वर्गाची एक रीत होती. शेवटी प्रॅक्टिकल. शहरातल्या मुलांनी पांढरे कोट घालायचे, स्टेथोस्कोप गळ्यात अडकवायचा. खेड्यातल्यांनी टेबलावर झोपायचं. पेशंट म्हणून. कोट कमी आहेत, असं सांगायचे. ते नेमके आमच्यापाशी येऊनच संपायचे. बरं, नीटच्या परीक्षेत नाडी धरायला कोणी सांगत नाही. पण फोटोत छान दिसतं. संध्याकाळपर्यंत फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर. समाजसेवा!

त्या रविवारी टेबलावर मी होते. धानाच्या रोवणीचे दिवस. आठवडाभर आईसोबत बांधीत, पाणी भरलेल्या धानाच्या वाफ्यात, परे म्हणजे रोपं लावली होती. पायाच्या बोटांत चिखल्या झालेल्या, कातडी पांढरी पडून फाटलेली. येताना स्टँडवरच्या नळावर पाय साबणानं घासले होते. साबणानं चिखल्या जात नाहीत.

साहेबांनी पेनाच्या टोकानं माझी बोटं फाकवली. हात लावला नाही.

"देखो बच्चों, क्लासिक केस. क्या है ये?"

कोटातला एक पोरगा, त्यांच्याच मित्राचा मुलगा, नाकाला रुमाल लावून म्हणाला, "गंदगी, सर."

"शाबाश!"

हॉल हसला. नुकतीच टेबलावरून उठलेली आमची खेड्यातली पोरंही हसली. त्यांचा मला जास्त राग आला.

मी उठून बसले.

"सर, आता मले कोट द्या. याले झोपवा टेबलावर."

हसू थांबलं. साहेब अगदी गोड आवाजात बोलले, "बेटा, तुम नर्सिंग का सोचो. डॉक्टरी सबके बस की नहीं."

मी चप्पल घातली आणि निघाले. पुन्हा त्या वर्गाला गेले नाही.

घरी आले तेव्हा आई बांधीतच होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्याइले पाय कायले दाखवले वो? डॉक्टर व्हाले गेल्ती ना तू?"

हॉलच्या हसण्यापेक्षा हे जास्त झोंबलं. खरंच, कायले दाखवले? कोणी झोप म्हटलं की झोपायचं, ही सवय आम्हाला कधी लागली? त्या दिवशी ती मी मोडली.

आता मी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुटीत गावातल्या शाळेच्या ओट्यावर पोरापोरींना बायोलॉजी शिकवते. तिथं टेबल नाही.

परवा साहेबांचा फोन आला. "बेटा, तू तो हमारी ही स्टूडंट है. संडे को चीफ गेस्ट बनके आ." मागोमाग मोबाइलवर बॅनरही आलं. त्यावर माझा फोटो, आणि माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरात त्यांचं नाव. लाज नावाची चीज या माणसाच्या दवाखान्यात कधी आलीच नसावी.

"येते, सर," एवढंच मी म्हटलं.

येणारच आहे. सध्या पुन्हा रोवणी चालू आहे. ओट्यावरची माझी पोरं बांधीतून सरळ येतील, चिखल्यांसकट. ती गंदगी नाही, साहेब. पाण्यात उभं राहून राहून होतात चिखल्या, आणि त्याच पाण्यातला तांदूळ तुमच्या ताटात पडतो. हॉलमध्ये शिरलो की आधी कोट मागणार. कमी पडले तर ज्यांच्या अंगावर आहेत त्यांनी उतरवायचे. आमच्यातलं एकही पोर आडवं होणार नाही. प्रॅक्टिकल करायचंच असेल, तर टेबल रिकामं आहे, साहेब. बूट काढून या.